मस्जिदचं तिकीट

मोबाईलची बॅटरी संपली म्हणून परवा दुपारी कित्येक महिन्यांनी मुलुंडच्या तिकीट खिडकीच्या रांगेत उभा राहिलो. माझ्यापुढे बारा-तेरा वर्षांचा मुलगा. पाठीला सॅक, मुठीत चुरगळलेली नोट. त्याचा नंबर आला, आतून "बोल" आलं आणि मुलगा थबकला. तोंड अर्धवट उघडं, जिभेचं टोक वरच्या दातांना टेकलेलं, मान थोडी पुढे. मागून कोणीतरी "चल ना रे" म्हणालं. मग एकदम, काहीच झालं नसल्यासारखा तो म्हणाला, "एक भायखळा."

मी मनात म्हटलं, बाळा, तू काही भायखळ्याला जात नाहीयेस. जीभ दाताला म्हणजे 'द'. 'द' म्हणजे दादर.

हे मला कळायचं कारण असं, की आठवी ते दहावी दर शनिवारी मस्जिदचं तिकीट काढून मी दादरला उतरलो आहे. क्लास दादरला होता, पण 'द'शी माझं जमत नाही. शब्द आत तयार असतो. जीभ मात्र दातांमागे जाऊन चिकटते आणि हलत नाही, लोकलच्या दारात उभं राहून कोणाला उतरू न देणाऱ्या माणसासारखी. 'म' मात्र मऊ. मस्जिद बंदर दादरच्या पुढे, म्हणजे टीसीची भीती नाही. मुलुंडलाही 'म', त्यामुळे परतीचा प्रश्नच नव्हता. भांडुपला राहत असतो तर काय केलं असतं कोण जाणे.

तेव्हा तिकिटं जाड पुठ्ठ्याची असत, दोन बोटांएवढी. टीसीनं मागितलं नाही तर तिकीट खिशातच राहायचं. एकदा आईनं शर्ट भिजवायच्या आधी खिसा चाचपला आणि चार तिकिटं ओट्यावर ओळीनं मांडली.

"अरे, क्लास दादरला ना? मग हे मस्जिद, मस्जिद, मस्जिद काय आहे? पिक्चरला जातोस की काय?"

खरं कारण सांगायचं तर त्यात दादर म्हणावं लागलं असतं. मी "हो" म्हटलं. दोन महिने खाऊचे पैसे बंद.

घरात इलाज कमी झाले नाहीत. आजी वेखंड उगाळून मधातून चाटवायची. शेजारच्या काकांनी तोंडात गोटी धरून पाढे म्हणायला लावलं, ते गोटी गिळायची वेळ आल्यावर थांबलं. आणि ज्याला त्याला एकच सल्ला सुचायचा, "सावकाश बोल." हे सांगणारी माणसं स्वतः फार भरभर बोलतात, असं माझं निरीक्षण आहे. त्याहून अवघड जमात म्हणजे शब्द पुरा करून देणारे. वाण्याकडे मी "अर्धा किलो प... प..." वर असताना तो "पोहे" म्हणून पुडा बांधायलाही लागायचा. हवे असायचे पापड. त्या काळात आमच्याकडे पोहे फार व्हायचे.

भाषेनंही आम्हाला सोडलेलं नाही. घाबरलेल्या माणसाची म्हणे 'ततपप' होते. ज्यानं हा शब्द काढला, त्यानं अक्षरं मात्र अचूक पकडली. दंत्य आणि ओष्ठ्य, म्हणजे दातांची आणि ओठांची. आमच्यातलाच कोणीतरी असणार.

गणपतीत मात्र मी वेगळाच माणूस असायचो. आरत्यांमध्ये 'देव' किती वेळा येतो ते मोजून बघा. दहा दिवस सगळ्यांच्या सुरात तो 'देव' मी बिनदिक्कत म्हणायचो, एकदाही अडखळायचो नाही. आजी गणपतीकडे बघून हात जोडायची. अकराव्या दिवशी मी पुन्हा मस्जिदचं तिकीट.

याचा उलगडा पस्तिशीत झाला. वांद्रे रेक्लमेशनला 1983 सालापासून वाणी आणि श्रवणाची राष्ट्रीय संस्था आहे, अली यावर जंग यांच्या नावाची. तिथल्या बाईंनी सांगितलं, समूहात म्हणताना किंवा गाताना बहुतेकांचं अडखळणं जातं. गणपतीचा दोष नाही, गुणही नाही. मेंदूतल्या बोलण्याच्या वेळापत्रकातच थोडी गडबड असते. पुष्कळदा ती घराण्यातून येते. भित्रेपणातून येत नाही आणि कोणाची नक्कल करूनही लागत नाही. साधारण शंभर मोठ्या माणसांत एक. पुरुषांत बायकांच्या सुमारे चौपट. मी लगेच हिशेब केला. गर्दीच्या वेळी एका लोकलमध्ये चार-पाच हजार माणसं, म्हणजे चाळीस-पन्नास आमचे. सगळे मोबाईलमध्ये तोंड खुपसून.

बाईंनी गृहपाठ दिला. सोप्या शब्दावर मुद्दाम अडखळायचं, समोरच्याच्या डोळ्यांत बघत. म्हणजे लपवायला काही उरत नाही. मी वांद्र्याच्या खिडकीपर्यंत 'म... म... मुलुंड' घोकत गेलो आणि तिथे तोंडातून स्वच्छ, खणखणीत "मुलुंड" बाहेर पडलं. जन्मात पहिल्यांदा नीट बोलल्याचं वाईट वाटलं. पुढच्या आठवड्यात जमलं. जग बुडालं नाही. खिडकीतल्या बाईंनी वरसुद्धा बघितलं नाही.

तेव्हापासून मी स्टेशनांच्या नावांकडे वेगळ्याच नजरेनं बघतो. व्हीटीचं सीएसटी झालं 1996 साली, माझी हरकत नव्हती. 2018 साली एल्फिन्स्टन रोडचं प्रभादेवी झालं तेव्हा मात्र सगळे इतिहासावर भांडत होते आणि मी एकटाच त्या 'प्र'कडे बघत होतो. 2024 साली विधिमंडळात आणखी काही नावांचा ठराव झाला. करी रोडचं लालबाग, हे उत्तम, 'ल' लोण्यासारखा. कॉटन ग्रीनचं काळाचौकी, म्हणजे 'क' गेला आणि 'क' आला. किंग्ज सर्कलचं तीर्थंकर पार्श्वनाथ. 'त' आणि 'प', एकाच तिकिटावर! आम्हाला कोणी विचारलंच नाही.

तर, मुलगा बाजूला झाला आणि माझा नंबर आला.

"द..." जीभ चिकटली. मी शब्द बदलला नाही, चिकटू दिली. "द... द..." खिडकीतला माणूस माझ्याकडे बघत होता, मी त्याच्याकडे. मागे कोणीतरी चुकचुकलं. ते 'सावकाश बोल' सांगणाऱ्यांपैकी असावं. "दादर. एक."

"सुटे द्या," तो म्हणाला.

गाडीत तो मुलगा माझ्याच डब्यात होता, दाराजवळ. घाटकोपर गेलं, कुर्ला गेलं. मग वरून घोषणेतल्या बाईंचा आवाज आला, "पुढील स्टेशन," आणि मग ती नेहमीची बारीकशी खोट, तुकडे जोडताना राहिलेली, "दादर." रोज ऐकतो. बाई प्रत्येक नावाआधी अडतात आणि तरी सगळी मुंबई त्यांच्या भरवशावर उतरते.

मी दाराशी सरकलो. उतरताना त्याच्याकडे बघून ओळखीचं हसायचं, एवढं ठरवलं होतं. गाडी थांबली. मुलगा अंग चोरून बाजूला झाला, आम्हा सगळ्यांना उतरू दिलं आणि पुन्हा आपल्या जागेवर जाऊन उभा राहिला. गाडी सुटली. तो गेला पुढे.

राणीच्या बागेत पेंग्विन बघायला चालला असेल.