शिराकोमाइकेचं जंगल: कोमेत्सुगा ओळखायचा तर फांदी चाचपा

जपानच्या नागानो प्रांतात, उत्तर यात्सुगाताके डोंगररांगेत निघताना हाती एक माहितीपत्रक होतं. पानाखाली दोन पांढरे पट्टे दिसले की कोमेत्सुगा (हेमलॉक गटातलं सूचिपर्णी झाड), असं त्यात छापलेलं. त्या एका ओळीपायी माझी अख्खी सकाळ वाया गेली. शिराबिसो, म्हणजे तिथला फर, त्याच्या पानाखालीही दोन पट्टे असतात आणि ते जास्त ठळक. वहीतल्या पंधरा-वीस नोंदी दुपारी खोडाव्या लागल्या.

पट्टे सोडा, पानाचं बूड बघा. खाली पडलेली डहाळी उचला. हे संरक्षित उद्यान आहे, तोडू नका. फरचं पान निघालं की गोल, सपाट खूण राहते. कोमेत्सुगाचं पान बारीक देठावर आणि देठ इवल्याशा उंचवट्यावर, म्हणून पानं झडलेली डहाळी बोटाला खरखरीत लागते. शंकू जेमतेम दोन सेंटिमीटरचा, लोंबता. फरचे शंकू उभे असतात आणि झाडावरच विखरतात.

खालच्या, उबदार डोंगरांत नुसता 'त्सुगा' (त्सुगा सीबोल्डी) भेटतो. पानांच्या लांबीवरून या दोघांत निवाडा करू नका. कोमेत्सुगाचं शास्त्रीय नाव त्सुगा डायव्हर्सिफोलिया, अर्थ 'वेगवेगळ्या पानांचा'. एकाच डहाळीवर पाच मिलिमीटरचं पान आणि त्याच्या दुप्पट लांबीचंही. भिंग लावा: कोवळी डहाळी नारिंगी-तपकिरी आणि बारीक लव असलेली, तर कोमेत्सुगा. त्सुगाची गुळगुळीत असते. मला ती लव दिसली तेव्हा थंडीने बोटं बधिर झाली होती, तरी डहाळी ठेववेना.

गाडीतळापासून शिराकोमाइके तळ्यापर्यंतची वाट सोपी, त्याबद्दल सांगण्यासारखं काही नाही. तळं २,१०० मीटरच्या वर आहे. पुढे ताकामिइशी या खडकाळ माथ्याचा चढ मात्र वाईट. मातीचा थर पातळ, त्यामुळे मुळं खडकांना वेढून उघडीच पसरलेली, वर शेवाळ. मी उतरताना दोनदा आपटलो. पाऊस पडून गेला असेल तर हा टप्पा सरळ वगळा; कोमेत्सुगा तळ्याकाठीही भरपूर आहे. गेलातच तर काठी न्या, आणि पाऊल मुळावर नको, कोरड्या दगडावर टाका.