रूम बघायची तर रात्री साडेनऊला

शनिवार, 8 जून 2024

हॉस्टेल या महिन्याच्या शेवटी सोडायचंय, जुलैपासून बाहेर राहायचं, त्यामुळे सध्या लॅब झाली की रूम शोधणं एवढंच चालूय. माझी लॅब पुण्यात पाषाण रोडला, केमिस्ट्रीत पीएचडी, म्हणजे दहा ते पाच असलं काही नसतं, रिअ‍ॅक्शन लावली की ती संपेपर्यंत थांबायचं, निघता निघता साडेनऊ होतात, कधी साडेदहा पण. म्हणून मला कुठल्याही रूमबद्दल दोनच गोष्टी आधी कळायला हव्यात, सकाळी पोचायला किती वेळ जातो आणि रात्री एकटीने परत येताना कसं वाटतं. गीझर, वायफाय, कपाट हे नंतर बघू.

पण ज्याला विचारावं तो एरियाचं नाव ऐकूनच निकाल देतो. औंध एकदम सेफ, बाणेरला चांगली पब्लिक, सूस रोड नवीन आहे पण मस्त, बोपोडी नको, जनवाडी तर नकोच नको. का नको? तर "अगं तसला एरिया आहे तो". तसला म्हणजे कसला हे कोणीच सांगत नाही. एका सीनियरला विचारलं तू गेलायस का कधी तिकडे, तर म्हणे नाही, पण सगळे म्हणतात. मला हे मनापासून खटकतं. तिथे माणसं राहतात, त्यांच्या पोरी पण रात्री क्लासवरून, ड्युटीवरून घरी येतात. आपण घरांचे पत्रे बघतो, लोकांची कामं बघतो, आडनावं बघतो आणि त्यावरून सेफ-अनसेफ ठरवून टाकतो आणि नंतर तेच दुसऱ्याला अनुभव म्हणून सांगतो.

आईचं वेगळंच टेन्शन. कल्याणीनगरचं प्रकरण झाल्यापासून तिला झोप नाही. 19 मेच्या पहाटे भरधाव पोर्शने बाईकवरच्या दोघांना उडवलं, दोघंही तरुण इंजिनिअर, माझ्याच वयाच्या आसपासचे, बाहेरगावाहून पुण्यात येऊन राहिलेले. आई विचारत होती, तो तर चांगला एरिया ना गं? हो, पुण्यातल्या भारीतल्या एरियांपैकी एक. मी तिला काय सांगणार. पण तेव्हापासून माझ्या डोक्यात हे पक्कं बसलंय की रस्ता कसा आहे, कुठे क्रॉस करावा लागतो, रात्री गाड्या कशा येतात, हे पण सेफ्टीतच मोजायला हवं, नुसतं चोर आणि छेडछाड एवढंच नाही.

आज संध्याकाळी पाऊस एवढा धो धो पडला की रस्त्यांचे ओढे झाले. रूम बघायला जाणार होते ते राहिलं. पण खिडकीतून बघताना वाटलं की कुठल्या गल्लीत गुडघाभर पाणी साठतं हे पण विचारून घ्यायला पाहिजे, कारण झाकण उघडं असलेलं चेंबर पाण्याखाली दिसत नाही.

मंगळवार, 11 जून

आज लंचनंतर एफआयआर वाचत बसले. खूप जणांना माहीत नसतं की महाराष्ट्र पोलिसांच्या सिटिझन पोर्टलवर पोलीस ठाणं आणि तारीख टाकली की एफआयआरची पीडीएफ उघडते, मराठीतच असते, आणि घटनास्थळ लिहिलेलं असतं. सुप्रीम कोर्टाने 2016 मध्ये सांगितलं की एफआयआर 24 तासांत वेबसाइटवर टाका, तेव्हापासून हे आहे. मला डेटा बघायची सवय, म्हटलं लोकांच्या "सगळे म्हणतात" पेक्षा हे तरी बरं.

तर पहिली गोष्ट ही कळली की सध्या, जून 2024 मध्ये, विद्यापीठ, औंध, बाणेर, पाषाण हे सगळं एकाच चतुःशृंगी पोलीस ठाण्यात येतं. म्हणजे ठाण्याचा आकडा घेऊन औंध चांगलं का पाषाण चांगलं असं काही काढताच येत नाही, एकेक पीडीएफ उघडून पत्ता बघावा लागतो. मी उघडल्या. गाडी चोरीला गेली, ऑनलाइन पैसे गेले, फ्लॅटचं कुलूप तोडलं, आणि अपघात. पार्किंगमधून गाडी गेल्याच्या तक्रारी चांगल्या चांगल्या सोसायट्यांतल्या होत्या, तिथे वॉचमन पण असणारच.

आणि दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. लैंगिक गुन्ह्यांचे एफआयआर तिथे टाकत नाहीत, त्याच कोर्टाच्या आदेशात तशी सूट आहे, आणि ते बरोबरच आहे, पीडितेची ओळख बाहेर यायला नको. पण म्हणजे माझ्यासारखी मुलगी जे शोधायला ती साइट उघडते तेच तिथे नसतं. आणि मागे मागे गाडी आणणं, कमेंट मारणं, स्टॉपवर मुद्दाम चिकटून उभं राहणं, यासाठी ठाण्यात जातं कोण? हे कुठल्याच यादीत येत नाही. हे फक्त तिथून रोज चालणाऱ्या बायकांना माहीत असतं. म्हणून ठरवलं की आता लॅपटॉप बंद, त्यांनाच विचारायचं, आणि रूम दुपारी बघायची नाही, मी ज्या वेळेला घरी येणार त्याच वेळेला जाऊन बघायची.

ब्रोकरला सांगितलं तर तो म्हणे ताई रात्री कोण दाखवतं, सकाळी या ना. मी म्हटलं आतून नंतर बघते, आधी गल्ली बघू दे.

शुक्रवार, 14 जून

सोबत रूममेटला घेऊन गेले होते, पण शेवटचा तुकडा मी एकटीने चालायचा आणि ती मागे लांबून येणार, असं ठरवलं होतं. सोबत कोणी असलं की कुठलाच रस्ता वाईट वाटत नाही, म्हणून.

आधी सूस रोड. फ्लॅट भारी, सोसायटी भारी, गेटवर रजिस्टर, कॅमेरे, लिफ्ट. पण मेन रोडवर बसमधून उतरल्यावर गेटपर्यंत जे चालायचं त्यात एका बाजूला बांधकामाचा पत्रा, दुसऱ्या बाजूला मोकळा प्लॉट, फुटपाथ मध्येच संपतो, दिवे आहेत पण एकाआड एक बंद, आणि माणूस नाही. सगळे गाडीने सुर्रकन आत जातात. पायी येणारी मी एकटीच. गेटच्या आत कितीही सिक्युरिटी असू दे, मला जिथे भीती वाटणार तो भाग गेटच्या बाहेर आहे आणि त्याची जबाबदारी कोणाचीच नाही. रिक्षाने यायचं म्हटलं तर 25 रुपये मिनिमम, पुढे किलोमीटरला 17, रोजचं परवडत नाही आणि रात्री त्या साइडला यायला रिक्षावाले नाही म्हणतात ते वेगळंच.

मग गोखलेनगर, जनवाडीच्या बाजूला. हो, तोच, नकोच नको वाला. 12 जुलै 1961 ला पानशेत धरण फुटलं त्यानंतर पूरग्रस्तांना जिथे जिथे वसवलं त्यातला हा भाग, लहान लहान घरं, एकाला एक लागून. रात्रीचे दहा वाजत आले होते आणि गल्ली जागी होती, ओट्यावर बायका बसलेल्या, पोरं दिव्याखाली कॅरम खेळतायत, दूधवाला, मोबाईल रिपेअरवाला, मेडिकल सगळं उघडं. मी दोन वेळा त्याच गल्लीतून गेले तर एका आजींनी विचारलं, कोणाचं घर शोधतेस गं बाळा? मला एवढं बरं वाटलं ना. पुण्यात रात्री दहाला मला कोणीतरी बघितलं आणि ते बघणं चांगलं होतं. चार टवाळ पोरं कट्ट्यावर होती, ती पण सांगायला हवीत, पण ती औंधला पण असतात, फक्त कारमध्ये बसलेली असतात.

तिथेच घ्यावी असं मनात आलं होतं. पण कम्यूट. नकाशावर गोखलेनगर आणि माझी लॅब एकदम जवळ दिसतात, सरळ रेघ मारली तर काहीच नाही, आणि मध्ये अख्खी टेकडी. पंचवटीकडून बोगदा काढायचं कितीतरी वर्षं चर्चेत आहे आणि टेकडी वाचवायला लोक त्याला विरोध करतायत, मला पण टेकडी हवीच आहे. दिवसा चालत टेकडी ओलांडता येईल, पण रात्री नाही, टेकड्यांवर फिरायला गेलेल्यांना लुटल्याच्या बातम्या येतच असतात. म्हणजे सेनापती बापट रोडने खाली विद्यापीठ चौक आणि तिथून पाषाण रोड. आणि विद्यापीठ चौकाचं काय झालंय ते पुण्यातल्या प्रत्येकाला माहितीय, जुना पूल 2020 च्या लॉकडाऊनमध्ये पाडला, आता हिंजवडी मेट्रो आणि डबल डेकर पुलाचं काम, रस्ता अर्धा बॅरिकेडमध्ये, पाच रस्त्यांची गर्दी तिथे येऊन अडकते. रात्री ठीक आहे, सकाळी तिथे बस हलतच नाही.

रविवार, 16 जून

बोपोडी. जाहिरातीत मोठ्ठं लिहिलेलं, मेट्रो स्टेशनपासून पाच मिनिटं. खरंच पाच मिनिटं आहे. स्टेशन स्वच्छ, उजेड भरपूर, गार्ड, आणि शनिवार-रविवार तिकिटात 30 टक्के सूट. पण मेट्रो मला नेते शिवाजीनगरला, आणि शिवाजीनगरहून परत बस पकडून त्याच विद्यापीठ चौकातून मागे यायचं. म्हणजे मेट्रो जवळ आहे पण माझ्या कामाची नाही. शेवटची मेट्रो पण सध्या, जून 2024 मध्ये, दहाला, मला साडेदहा झाले तर संपलंच. ज्यांचं काम पिंपरी किंवा कोर्टाच्या बाजूला आहे त्यांनी बोपोडी डोळे झाकून घ्यावं असं मला वाटतं, एरिया बरा आहे, बाजार जवळ, खडकीला लोकल पण आहे.

येताना पीएमपीच्या बसमध्ये डावीकडच्या, बायकांच्या सीटवर एक मावशी शेजारी होत्या, पोळ्या करायला जातात, पाषाणला चार घरं. त्यांना सरळ विचारलं, मावशी रात्री कुठल्या रस्त्याने येता? त्यांनी जे सांगितलं ते कुठल्याच अ‍ॅपवर नव्हतं. हा स्टॉप नको, त्याच्या मागे दारूचं दुकान आहे, एक स्टॉप पुढे उतर, तिथे वडापावची गाडी अकरापर्यंत असते. ही गल्ली पावसात नको, पाणी भरतं. त्या देवळाकडून गेलीस तर कुत्री आहेत पण माणसं पण आहेत. रोज पायी चालणाऱ्या बाईला अख्खा एरिया पाठ असतो आणि तिला कोणी विचारतच नाही.

शनिवार, 22 जून

पाषाण गावात रूम मिळाली असं म्हणायला हरकत नाही. गावठाणात, जुनं घर, खाली काका-काकू आणि त्यांचं किराणा दुकान, वर दोन खोल्या. लॅबपर्यंत सरळ एकच बस, विद्यापीठ चौक मध्ये येतच नाही, आणि बस नाही आली तर सायकल. रात्री परत येताना पूर्ण रस्ता दुकानांचा, फक्त शेवटच्या वळणावरचा दिवा बंद आहे. मी पावसात जाऊन आले, साडेनऊला जाऊन आले, सकाळी साडेआठला घड्याळ लावून लॅबच्या दारापर्यंत गेले. स्टॉपपर्यंत नाही, दारापर्यंत. ब्रोकर जो वेळ सांगतात तो नेहमी स्टॉप ते स्टॉप असतो.

याआधी एक रूम जवळजवळ पक्की झाली होती, लॅबच्या अजून जवळ, फक्त मुलींसाठी. तिथे नियम होता की दहाला गेट बंद, मुलींच्या सेफ्टीसाठी. मी विचारलं मला साडेदहा झाले तर? तर म्हणे मग मैत्रिणीकडे थांबायचं. म्हणजे बघा, रात्री साडेदहाला मुलगी रस्त्यावर उभी, आणि हे सगळं तिच्या सेफ्टीसाठी. मला याचा खरंच राग आला, कारण आईवडिलांना हा नियम ऐकून बरं वाटतं आणि तेवढ्यासाठीच तो केलेला असतो. पाषाणच्या काकूंना पहिलाच प्रश्न हा विचारला. त्या म्हणाल्या, किल्ली देते तुला, फक्त उशीर होणार असेल तर फोन कर, मी जागी असते अकरापर्यंत, दुकानाचा हिशोब करत. त्या क्षणी माझं ठरलं.

बाबांना अ‍ॅग्रीमेंटची काळजी. काका म्हणत होते अकरा महिन्यांचं आहे, नोटरीवर करून टाकू. मी नम्रपणे पण ठामपणे नाही म्हटलं. महाराष्ट्रात 1999 चा भाडे नियंत्रण कायदा आहे त्याच्या कलम 55 प्रमाणे लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे हे भाड्याचं अ‍ॅग्रीमेंट, रजिस्टर करावंच लागतं, अकरा महिने असो की काही, आणि ती जबाबदारी घरमालकाची. माझ्यासाठी ते पण सेफ्टीचाच भाग आहे, मी कुठे राहते, कोणाच्या घरात राहते हे कुठेतरी नोंदलेलं असायला पाहिजे. भाडेकरूची माहिती पोलिसांना पण ऑनलाइन देता येते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले बरं, कर तू तुझ्या पद्धतीने, एजंट कोणता ते सांग. थंबवाला, म्हणजे रजिस्ट्रेशनसाठी अंगठ्याचे ठसे घेणारा एजंटचा माणूस, गुरुवारी घरी येणार, आईबाबा त्या दिवशी गावाहून येतायत, आईला मी बसनेच नेणार आणि रात्रीच नेणार, तिला पण चालून बघू दे.

भाडं फेलोशिपमध्ये बसतं. जेआरएफ, म्हणजे पीएचडीच्या सुरुवातीची फेलोशिप, महिन्याला 37,000 आहे, वर घरभाडं भत्ता, पण ते दर महिन्याला वेळेवर येतं असं नाही, म्हणून डिपॉझिट दोन हप्त्यांत चालेल का विचारलंय, काकू हो म्हणतील असं वाटतंय.

वळणावरच्या दिव्याची तक्रार आज महापालिकेकडे ऑनलाइन टाकली, खांबाचा फोटो लावून. काकूंना म्हटलं तुम्ही पण टाका, एकाच खांबाच्या दोन-चार तक्रारी गेल्या तर बरं. त्यांनी समोरच्या घरातल्या दोन पोरींना बोलावून घेतलं, एक बारावीला आहे, एक नर्सिंगला, दोघी याच वळणावरून येतात. दोघींनी तिथेच दुकानात उभ्या उभ्या तक्रार टाकली.