घरचं सीएनसी : नंदीचं चाक गोल काहून येत नव्हतं ते सापडलं

राजेहो, घरच्या सीएनसीवर (कॉम्प्युटरच्या हुकमावर कापणारी मशीन) चाकं कापून दाखवतो असं मागं म्हटलं होतं, ती कापली, पण गोल नाही आली. तान्ह्या पोळ्याला पुतण्यासाठी लाकडी नंदी करून राहिलो, त्याला ५० मिमीची चार चाकं पाहिजे, सागवान सुताराकडचं उरलेलं. व्हर्नियर (बारीक माप घ्यायची पट्टी) लावला तर एक्सकडून (आडवं) बरोबर ५०, वायकडून (उभं) ४९.६. डोळ्याला दिसत नाही पण बोट फिरवलं की वर न खाली चपटं लागते.

मी काय केलं, ग्रबलमध्ये (मशीन चालवणारं सॉफ्टवेअर) $१०१ ची व्हॅल्यू, म्हणजे वायच्या एका मिमीला मोटरच्या स्टेप किती, ४०० ची ४०३.२ केली, चाक मस्त ५० चं आलं. मग १०० मिमीचा गोल कापला तर वायमध्ये १००.४! तेव्हा बसून हिशोब केला. मोटर एका फेऱ्याला २०० स्टेपची, ड्रायव्हर १/१६ वर (एका स्टेपचे १६ तुकडे) म्हणजे एका फेऱ्याला ३२००, बेड सरकवणारा टी८ स्क्रू एका फेऱ्यात ८ मिमी सरकवते, भागाकार ४०० च येते (तुमचा स्क्रू फेऱ्याला २ मिमीच सरकवत असेल तर १६००). व्हॅल्यू परत ४०० केली न २० चा आणि १०० चा असे दोन गोल कापले, दोन्ही ०.४ नेच कमी. सेटिंग चुकलं असतं तर मोठ्या गोलात फरकही मोठा आला असता. फरक तेवढाच राहते म्हणजे बॅकलॅश (दिशा पलटताना लागणारी ढिलाई), दुसरं काही नाही.

लेथवाल्या भाऊकडून डायल (बारीक हालचाल काट्यावर दाखवणारं माप) आणून लावला. एकाच दिशेनं जॉग केलं (बेड हातानं हुकूम देऊन सरकवला) तर काटा बरोबर, दिशा पलटली की पहिले ०.४ मिमी मोटर नुसती फिरते, बेड जागचा हलतच नाही. कपलरचा (मोटर न स्क्रू जोडणारा तुकडा) आवळायचा बारका ग्रब स्क्रू मोटरच्या शाफ्टच्या चपट्या बाजूवर बसलाच नव्हता, तो नीट बसवला, आणि पितळी नट काढून स्प्रिंगवाला अँटी बॅकलॅश नट टाकला. पहिल्यांदा स्प्रिंग लय दाबली तर मोटर स्टेप सोडायला लागली, थोडी ढिली करून स्क्रूला तेल दिलं, आता डायलवर ०.०५. ग्रबलमध्ये बॅकलॅशची भरपाई करायची सोय नाही, त्यामुळे हे पान्यानंच करावं लागते.

तीन चाकं झाली, एका वेळी ०.५ मिमी खोल कापत, कडा एकदम साफ. चौथं अर्धं कापलं न लाईन गेली, झिरो (माप सुरू होते ती जागा) हरवला. आता आधी लिमिट स्विच (टोकाला बेड टेकला की कळवणारा) लावतो न होमिंग (मशीननं स्वतःच सुरुवातीची जागा शोधणं) चालू करतो, चौथं चाक त्यानंतरच.