भारद्वाजाला हाकललं का नाहीत?

लग्नकार्यात विचारतात, जिन्यात विचारतात. परवा दाताच्या दवाखान्यात शेजारी बसलेल्या बाईंनी ओळख निघाल्यावर पहिलं तेच विचारलं. "तो बुलबुलाच्या पिल्लांचा व्हिडिओ तुमचाच ना? मग तुम्ही हाकललं का नाहीत त्याला?"

एकदाच सगळं लिहून टाकते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी एवढंच, की जून २०२० मध्ये आमच्या गॅलरीतल्या मधुमालतीच्या वेलात लालबुड्या बुलबुलाचं घरटं होतं. त्यात तीन पिल्लं होती. भारद्वाज पक्ष्याने ती तिन्ही नेली. मी तीन हातांवर उभी होते आणि व्हिडिओ मीच काढला.

"शूटिंग करत बसलात" हे मला लागतं, हे आधी सांगते. हे म्हणणाऱ्यांपैकी बहुतेकांच्या खिडक्यांना कबुतरांच्या जाळ्या आहेत. त्यांच्या घरी कित्येक वर्षांत कुठल्या पाखराने काडी टाकलेली नाही. मी त्या घरट्याची पहिली काडी पाहिली होती. वाळक्या काड्या, बारीक मुळं, आमच्या पायपुसण्यातला उपसलेला काथ्या, आणि हे सगळं बांधायला कोळ्याचं जाळं. मादी घरट्यात बसून छातीने दाबत गोल फिरायची, तशी वाटी खोल होत गेली. २४ मेला पहिलं अंडं दिसलं, मग रोज एक. गुलाबीसर, त्यावर तांबूस-जांभळे ठिपके.

३ जूनला निसर्ग चक्रीवादळ किनाऱ्यावर धडकलं, तेव्हा पुण्यातही वारा-पावसाने झाडं पडली. आमच्या सहकारनगरात संध्याकाळपर्यंत वीज नव्हती. वेल कठड्यावर आपटत होता. मादी अंड्यांवर चपटी होऊन बसलेली, तोंड वाऱ्याकडे, डोळे उघडे. पावसाचं पाणी तिच्या पाठीवरून ओघळत होतं. मी दाराच्या आत उभी राहून नुसती बघत होते. तेव्हा मी काही केलं नाही, आणि ते बरोबरच केलं. त्याबद्दल मात्र मला कुणी विचारत नाही.

७ जूनला पिल्लं निघाली. उघडीनागडी, डोळे मिटलेले, फांदी जरा हलली की तीन लालसर जबडे वर. दोघंही आळीपाळीने अळ्या, माश्या, नाकतोडे आणायचे. पिल्लाने शिटलं की ती शिटेची पांढरी पिशवी चोचीत धरून लांब नेऊन टाकायचे, म्हणजे घरट्याखाली काही खूण राहत नाही. एवढी काळजी. आता पुढचं ऐका.

लॉकडाऊन होता. भाचीची पाच वर्षांची मुलगी रोज व्हिडिओ कॉल करायची. "मावशीआजी, नुसती पानं दिसतात." १० जूनला दुपारी मी बागेची कात्री घेतली आणि घरट्यासमोरच्या चार-पाच डहाळ्या छाटल्या. त्या दिवशीच्या वहीत मी लिहून ठेवलंय: "आता छान दिसतात."

हो. सगळ्यांनाच छान दिसायला लागली.

१२ जूनच्या सकाळी समोरच्या इमारतीतल्या काकूंनी खिडकीतून हाक मारली, "अहो, भारद्वाज आलाय तुमच्याकडे, दर्शन घ्या." त्यांनी हात जोडले होते. आपल्याकडे भारद्वाज दिसणं शुभ, मीही लहानपणापासून तेच ऐकलंय. तांबूस पंख, लाल डोळा, लांब काळी शेपटी. तो उडत आला नाही. वेलातून चालत, फांद्या दाबत दाबत वर चढला. व्हिडिओ काढायचा म्हणून माझा हात फोनकडे गेला. खरंच सांगते, मी तेव्हा भारद्वाजाचा व्हिडिओ काढत होते. तो घरट्याकडे चाललाय हे मला कळलं तेव्हा त्याची मान आत होती.

बुलबुलांचं ओरडणं त्या व्हिडिओत आहे. दोघं त्याच्या डोक्यावर झेपा घेत होते, त्याने ढुंकूनही पाहिलं नाही. एक पिल्लू तिथेच गिळलं, दुसरं चोचीत धरून तो तळजाई टेकडीच्या बाजूला गेला. चाळीस सेकंदं. माझ्या तोंडून "अरे, अरे" एवढंच निघालंय. हात हललेला नाही.

तुम्ही मला या चाळीस सेकंदांबद्दल विचारता. त्यावर माझ्याकडे उत्तर आहे: माणूस गोठतो. यावर मी कुणाशीही भांडेन.

पण त्यानंतरची दहा मिनिटं व्हिडिओत नाहीत, आणि ती मी आजवर कुणाला सांगितलेली नाहीत. तिसरं पिल्लू घरट्यात होतं. मादी परत आली, चोचीत हिरवी अळी होती, तिने ती त्याला भरवली. मी रडत होते, आणि मला वाटलं, चला, एक तरी राहिलं. स्वयंपाकघरात पाखडायचं सूप होतं, ते छाटलेल्या जागेवर टेकवता आलं असतं. दोरीवर ओढणी होती, तीही बांधता आली असती. मी फोन उघडून व्हिडिओ नीट आलाय का ते पाहिलं. दहा मिनिटांनी तो परत आला, त्याच वाटेने चालत. शिकारी पक्ष्याला घरटं एकदा सापडलं की तो पुन्हा येतो, हे मला आज ठाऊक आहे. तेव्हा ठाऊक नव्हतं असं म्हणू शकते, पण मी विचारच केला नव्हता, हे जास्त खरं आहे.

"निसर्गात ढवळाढवळ करू नये" हे मी तुमच्यापैकी बऱ्याच जणांना सांगितलंय. ते वाक्य मला दोन दिवसांनी सुचलं. आणि ज्या बाईने १० तारखेला कात्री चालवली तिने ते कुठल्या तोंडाने म्हणावं? आधीची मी यावर म्हणते, अगं, त्यालाही पिल्लं असतील. भारद्वाज कोकिळेच्याच कुळातला, पण तो दुसऱ्याच्या घरट्यात अंडी घालत नाही, स्वतःची पिल्लं स्वतः वाढवतो, आणि पावसाळा हा त्याचाही विणीचा काळ. हे सगळं खरं आहे. मला ते पटतं. सूप आठवलं की पटत नाही.

पुढच्या वर्षी मी हाकललं, तेही ऐका. तो वेलाजवळ आल्याबरोबर कठड्यावर लाटणं आपटलं. तो गेला, पण मादीही अंड्यांवरून उडाली आणि पंचवीस मिनिटं फिरकली नाही. मी घड्याळ लावून बसले होते. ती परत आली. तिसऱ्या दिवशी सकाळी घरटं रिकामं, टरफलाचा तुकडाही नाही. कावळा, मांजर, तोच भारद्वाज, कोण ते कळलं नाही.

जाळी लावा म्हणणाऱ्यांना: जाळीतून बुलबुलही येणार नाहीत. घरटंच काढून टाका म्हणणाऱ्यांना: १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात शिकारीच्या व्याख्येतच पक्ष्यांची अंडी आणि घरटी विस्कटणं येतं. आणि मी ते करणारही नाही.

२०२३ मध्ये दोन पिल्लं बाराव्या दिवशी घरट्याबाहेर पडली. त्यातलं एक दिवसभर कढीपत्त्याच्या कुंडीत बसून होतं, धड उडता येत नव्हतं. शेजारचा मुलगा खोक्यात ठेवायला निघाला होता. त्याला सांगितलं की ही पोरकी नसतात, आई-बाप तिथेच येऊन भरवतात, बघ. आणि अगदी उघडंबोडकं पिल्लू पडलं तर उचलून घरट्यात ठेवावं, माणसाचा हात लागला म्हणून आई टाकत नाही. संध्याकाळपर्यंत तो मुलगा माझ्याबरोबर बसला. दोन्ही पिल्लं उडाली. याचा व्हिडिओ नाही, म्हणून याबद्दल कुणी विचारत नाही.

यंदा जोडी पुन्हा आली आहे. वेलाला मी पाच वर्षांत कात्री लावलेली नाही, त्यामुळे घरटं दिसत नाही. चोचीत काहीतरी धरून आत जाताना दिसतात, त्यावरून ओळखायचं. भाचीची मुलगी आता दहा वर्षांची आहे, मेच्या सुट्टीत राहायला आली होती. पिल्लं दाखव म्हणाली. म्हटलं, दिसत नाहीत, ऐकू येतात. आम्ही दारात बसलो. आत कुणी गेलं की बारीक चिवचिव, बाहेर आलं की बंद. अर्ध्या तासाने तळजाईकडून भारद्वाजाचं कूप, कूप, कूप सुरू झालं. तिने माझ्याकडे पाहिलं. मी आत जाऊन लाटणं आणलं आणि मांडीवर ठेवलं. तो बराच लांब होता.