खारपाणपट्ट्यातला इग्वाना आणि घरी केलेला फवारा

पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या मावसभावाची परदेशी बदली झाली आणि त्याने पाळलेला हिरवा इग्वाना दर्यापूर तालुक्यातल्या आमच्या गावी आला. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली झालेल्या दुरुस्तीनुसार साइटिसच्या, म्हणजे वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या, यादीतल्या विदेशी प्राण्यांची नोंदणी केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ पोर्टलवर करावी लागते. त्यामुळे नोंदणी आणि हस्तांतर यांचे कागद आधी पूर्ण केले आणि मगच प्राणी घरात घेतला. तरीही पहिल्याच दिवशी शेजारचे काकाजी फाटकातून म्हणाले, “काय गा बाबू, घोरपड पायली का घरात? फॉरेस्टवाले येतीन नं!” घोरपड पाळणे हा गुन्हा आहे, पण हा प्राणी घोरपड नाही, हे त्यांना पटवण्यात अर्धा तास गेला. आई मात्र आजही त्याला सरडाच म्हणते. मावसभावाने त्याचे नाव बंड्या ठेवले होते, ते आम्ही तसेच राहू दिले.

बंड्या आला तो फेब्रुवारीत. हवा बरी होती, त्यामुळे पुढचा प्रश्न लक्षात आला नाही. इग्वाना हा मध्य आणि दक्षिण अमेरिकेतल्या दमट जंगलांत झाडावर राहणारा प्राणी असल्यामुळे त्याच्याभोवतीच्या हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असावी लागते. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात मी पिंजऱ्यात आर्द्रतामापक टांगला, तेव्हा दुपारी दोन वाजता त्याचा काटा २० वर होता. त्याच सुमारास बंड्याने कात टाकली आणि ती नीट सुटली नाही. मागच्या डाव्या पायाच्या एका बोटाभोवती जुन्या कातडीचे कडे दोरा आवळल्यासारखे बसले होते, आणि त्या कड्याच्या पुढचा बोटाचा भाग सुजून गडद झाला होता. कोमट पाण्यात त्याला रोज वीस मिनिटे बसवून ते कडे चौथ्या दिवशी कापसाच्या बोळ्याने सोडवले आणि बोट वाचले. शेपटीच्या टोकाकडे माझे लक्ष उशिरा गेले. तिथला रक्तपुरवठा तोवर थांबला होता, आणि शेवटचा इंचभर भाग काळा पडून वाळून गळाला.

त्यानंतर मी हातातल्या फवाऱ्याच्या बाटलीने दर दोन तासांनी पाणी मारू लागलो, पिंजऱ्याला ओले बारदान गुंडाळले आणि खोलीत कूलर लावला. बाहेर ४५ अंश तापमान असताना बारदान तासाभरात कडकडीत वाळत असे, आणि शेतावर गेलेला माणूस दर दोन तासांनी घरी येऊ शकत नाही. काम यंत्रावर सोपवणे भाग होते.

घरात ठिबकच्या जुन्या सामानात रोपवाटिकेतले, पाण्याचे धुके उडवणारे चार तोंडांचे दोन फॉगर पडले होते. ते मी स्लॅबवरच्या टाकीला जोडले. धुके तर सोडाच, पाण्याची धारही धड पडेना, नुसते थेंब टपकत राहिले. कारण साधे होते. दहा मीटर उंचीच्या पाण्याने सुमारे एक किलोचा (दर चौरस सेंटिमीटरला) दाब मिळतो, आमची टाकी जेमतेम चार मीटरवर आहे, आणि त्या फॉगरला चार किलो दाब लागतो. म्हणजे पंपाशिवाय गत्यंतर नव्हते.

पंपही घरातच होता. कपाशीवर फवारणी करण्याचा, पाठीवर घ्यायचा बॅटरी पंप गोठ्यात टांगलेला होता आणि दादाने तोच धुऊन वापरायला सांगितले. मी ते ऐकले नाही. २०१७ साली शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हापासून आमच्या घरी औषधाची भांडीसुद्धा वेगळी ठेवली जातात. टाकी कितीही विसळली तरी नळीत, वॉशरमध्ये आणि मोटरीच्या रबरी पडद्यात औषधाचा अंश उरतो, आणि बंड्या तर पानांवरचे थेंब चाटूनच पाणी पितो. म्हणून कृषी केंद्रातून त्याच पंपाची नवी कोरी बारा व्होल्टची मोटर आणली. हिच्यात दाब वाढला की आपोआप बंद होणारा स्विच असतो.

चार तोंडांचा फॉगर चार किलो दाबाला ताशी २८ लिटर पाणी टाकतो, म्हणजे दोन फॉगर मिनिटाला जवळजवळ एक लिटर. पहिल्याच चाचणीत पिंजऱ्याचा तळ डबक्यासारखा झाला आणि बंड्या वरच्या फांदीला चिकटून फुरफुरू लागला. ते काढून मी ०.३ मिलिमीटर छिद्राची चार पितळी नोझल बसवली. मोजपात्र धरून मोजले तेव्हा चारही मिळून मिनिटाला सुमारे ३०० मिलिलिटर पाणी पडत होते. जोडणीसाठी आरओच्या पाव इंची नळीचे दाबून बसणारे एल्बो आणि टी वापरले, कारण ते तालुक्याला कुठेही मिळतात. पांढऱ्या नळीतून उजेड आत जातो आणि महिन्याभरात आत हिरवे शेवाळ धरते, हे कळल्यावर मात्र नळी काळी घेतली.

नेहमीच्या चोवीस तासांच्या चकतीच्या टायमरवर कमीत कमी पंधरा मिनिटांचा टप्पा असतो, तो इथे निरुपयोगी आहे. सेकंदांत लावता येणारा बारा व्होल्टचा डिजिटल टायमर मी घेतला आणि सकाळी सहा ते संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला चाळीस सेकंद अशी वेळ ठरवली. पंप आणि टायमर आठ अँपिअर-तासांच्या बॅटरीवर चालतात, त्यामुळे भारनियमनाचा त्रास होत नाही. दिव्यांचे होल्डर सोडले तर २३० व्होल्टची एकही जोडणी पिंजऱ्याजवळ ठेवली नाही, आणि दिव्यांच्या वायरी होल्डरकडे जाण्याआधी मुद्दाम खाली झोळ देऊन नेल्या, म्हणजे वायरीवरून ओघळलेले पाणी झोळाच्या तळाशी टपकते. इतके करूनही एक चूक झालीच. डावीकडचे नोझल तिरके बसले होते, त्याचा फवारा उबेच्या तापलेल्या बल्बवर गेला आणि बल्ब फटकन फुटला. काचा जाळीच्या बाहेर पडल्या म्हणून निभावले. तसे पाहता आमच्याकडे मे महिन्यात त्या बल्बची गरजही नसते. इग्वाना पाळण्याची बहुतेक माहिती थंड देशांतल्या लोकांनी लिहिलेली असल्याने ती सारखी ऊब देण्यावर भर देते, इथे मात्र प्राणी उकडून मरणार नाही याचीच काळजी घ्यावी लागते.

सर्वांत जास्त दिवस गेले ते पाण्यापायी. आमचे गाव पूर्णा नदीच्या खारपाणपट्ट्यात येते. बोअरचे पाणी खारट आहे, त्याने भांड्यांवर पांढरे डाग पडतात, आणि त्या पाण्यावर नोझल आठच दिवसांत बुजली. लिंबाच्या रसात रात्रभर ठेवली की ती मोकळी होत, पण पुन्हा आठवड्याने तेच. पिंजऱ्याच्या काचेवरही पांढरट ठिपके दिसत होते आणि तेही बोअरच्या पाण्याचेच, असे मी धरून चाललो होतो. नोझल बंद असलेल्या एका दुपारी बंड्या काचेसमोर जोरात शिंकला. बारीक तुषार काचेवर उडाले आणि वाळल्यावर तिथे तसेच पांढरे ठिपके उमटले. इग्वानाच्या नाकात क्षार बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात आणि अंगातले जास्तीचे मीठ तो शिंकून टाकतो. खारपाणपट्ट्यात राहायला याच्याइतका लायक प्राणी आमच्या घरात दुसरा नाही.

नोझलला मात्र ही सोय नसल्यामुळे पाणीच बदलावे लागले. रोज बारा वेळा चाळीस सेकंद म्हणजे जवळपास अडीच लिटर, आणि एप्रिल ते जूनचा सगळा हिशेब सव्वादोनशे लिटरच्या आसपास येतो. एवढे पाणी पडवीच्या टिनावरून एका दमदार पावसात उतरते. पहिल्या पावसाने टीन धुतले जाऊ दिले, नंतरचे पाणी कापडातून गाळून पाचशे लिटरच्या काळ्या टाकीत भरले, झाकणाला डासांची जाळी बांधली आणि पंपाच्या आधी ठिबकचा जाळीचा फिल्टर बसवला. तेव्हापासून नोझल लिंबात ठेवावी लागलेली नाहीत.

त्या पहिल्या पावसाळ्यात अजून एक चूक झाली. उन्हाळ्यात दोन्ही बाजूंच्या जाळीतून गरम वारा शिरून आर्द्रता अर्ध्या तासात ७० वरून ३५ वर येत असे, म्हणून मी एका बाजूला प्लास्टिक लावले होते. ते जुलैतही तसेच राहिले आणि टायमरही चालूच राहिला. बाहेरची हवा आधीच ओली, त्यात पिंजऱ्याचा तळ कधी वाळेना, आणि बंड्याच्या पोटाच्या खवल्यांवर तपकिरी डाग उठले. अकोल्याच्या पशुवैद्यकांनी मलम दिले, पण प्राणी आधी कोरडा ठेवा, असे बजावले. प्लास्टिक काढून फवारा पूर्ण बंद केल्यावर पुढच्या दोन कातींत डाग गेले. आता पाऊस लागला की मी टायमरची वायरच काढून ठेवतो.

तळाशी उतार देऊन साचलेले पाणी पीव्हीसीच्या नळीने बाहेरच्या कर्दळीपाशी सोडले आहे. सरपटणाऱ्या प्राण्यांच्या विष्ठेत साल्मोनेला जंतू असू शकतात, त्यामुळे ते पाणी परसातल्या भाजीच्या वाफ्यात जाऊ देत नाही, आणि पिंजऱ्यात हात घातला की साबणाने धुतल्याशिवाय कोणी चुलीकडे फिरकत नाही. हा नियम आईचा आहे.

या मेमध्ये बंड्याची कात पायांच्या बोटांवरून मोज्यासारखी निघाली. एक बारीक दोष अजून शिल्लक आहे. पंप थांबल्यावर नळीत उरलेल्या दाबामुळे चौथे नोझल मिनिटभर टपकत राहते. त्यावर उपाय म्हणून थेंब अडवणारा व्हॉल्व्ह आणून ठेवला आहे, पण बसवलेला नाही, कारण मोटरीचा आवाज थांबला की बंड्या फांदीवरून सरकत बरोबर त्या नोझलखालच्या जास्वंदीच्या पानापाशी येतो आणि थेंब संपेपर्यंत पान चाटत बसतो.