न आलेल्याची नोंद

लेकीला तिच्या बाबांशी भेटवण्याचा कोर्टाचा आदेश मिळायला फार त्रास झाला नाही. १९८७ च्या विधी सेवा कायद्यानं बाईला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो, तसा मलाही मिळाला. ठरलं असं: पहिला आणि तिसरा शनिवार, दुपारी दोन ते चार, कोर्टातल्या मुलांच्या खोलीत बाबांची भेट.

अडलं ते रजिस्टरपाशी. एप्रिलमधली नागपूरची दुपार, सहा वर्षांची लेक नवा फ्रॉक घालून बसलेली, दर पाच मिनिटांनी एकच प्रश्न, "आई, बाबा येऊन राहिले का?" चार वाजले. कोर्टातल्या बाबूंना म्हटलं, आले नाहीत असं लिहून द्या. ते म्हणाले, "ताई, हे भेट झाल्याचं रजिस्टर आहे. भेटच झाली नाही, तर लिहू काय?" म्हणजे आम्ही मायलेकी दोन तास तिथे घामाघूम झालो, ते कागदावर घडलंच नाही! पुढच्या खेपेला अर्ज नेला, तर साहेब रजेवर. त्याच्या पुढे, "वकिलामार्फत द्या." मग अर्जाला कोर्ट-फीचं तिकीट नाही. तिकीट लावून नेलं तर, "हे आमच्याकडे नाही होत."

बहीण म्हणाली, मरू दे, नेऊच नको पोरीला. (हे मात्र करू नका. तो चुकला तरी आदेश आपल्यावर आहेच. आपण नेणं थांबवलं की आदेश मोडणारे आपणच. खावटी, म्हणजे पोटगी, थकली म्हणूनही भेट अडवता येत नाही.)

शेवटी वकीलताई म्हणाल्या, "रजिस्टर सोडा, पुरसिस द्या." म्हणजे आपल्याच प्रकरणात कोर्टाला लिहून द्यायच्या चार ओळी: तारीख, किती ते किती थांबलो, समोरचा आला नाही. दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्यायचा. एवढं मला कोणी आधी का सांगू नये? त्या दिवशीचा व्हॉट्सॲप मेसेजही पुसू नका. आणि हो, भेटीचं लेकराला आदल्या रात्री सांगू नका, मी तीच चूक केली.

पाच पुरसिस जमल्यावर हिंदू विवाह कायद्याच्या कलम २६ खाली आदेश बदलून मागितला. मिळाला: यायचं की नाही ते आदल्या संध्याकाळी कळवायचं, अडीचपर्यंत आले नाहीत तर आम्ही मोकळ्या.

पुढच्या शनिवारी सव्वादोनला आले. बाबूंनी रजिस्टर पुढे सरकवलं. त्यात वेळेचा रकानाच नव्हता. मी सहीखाली वेळ लिहिली.