नदीच्या गोट्यांमधला आयबिसबिल

जानेवारीच्या अखेरीस उत्तराखंडातील रामनगरजवळ, गर्जिया देवीच्या मंदिराच्या थोडे वरच्या अंगाला, कोसी नदीच्या पात्रातील एकाच गोट्यांच्या पट्ट्याकडे मी जवळजवळ अर्धा तास दुर्बिणीतून पाहत होतो. (ही कोसी म्हणजे बिहारमध्ये पूर आणणारी कोसी नव्हे, ही पुढे रामगंगेला मिळते.) पक्षी समोरच असल्याचे वाटाड्याने दोनदा सांगितले होते, तरीही मला करड्या दगडांपलीकडे काही दिसत नव्हते. शेवटी एका ठिकाणी पाणी उडाले, तेव्हा कळले की तिथे एक पक्षी पोटापर्यंत पाण्यात उभा राहून मानेसकट डोके बुडवून काहीतरी शोधत आहे.

तो आयबिसबिल होता. पाठ आणि मान राखाडी, पोट पांढरे, चेहरा व माथा काळा, छातीवर काळा आडवा पट्टा आणि त्याच्या वर पांढरी बारीक रेघ. एवढे ठळक रंग असलेला, सुमारे चाळीस सेंटीमीटर लांबीचा पक्षी डोळ्यांसमोर असूनही दिसू नये, याचे आश्चर्य मला अजून वाटते. चोच शराटीच्या (इंग्रजीत आयबिस) चोचीसारखी खाली वळलेली असल्यामुळे त्याला हे नाव मिळाले असले, तरी शराटीशी त्याचे जवळचे नाते नाही. शेकाट्या आणि कालवफोड्या ही त्याची खरी, पण तीही दूरची भावकी. प्राणिशास्त्रज्ञ व्हिगर्स यांनी 1832 मध्ये त्याचे शास्त्रीय वर्णन केले, आणि आज इबिडोऱ्हिंका स्ट्रुथर्सी ही त्याच्या कुळातील एकमेव जाती मानली जाते.

मला सर्वांत जास्त गुंतवून ठेवले ते त्याच्या चोचीने. सात-आठ सेंटीमीटर लांबीच्या या चोचीची वळणदार ठेवण पाहिली आणि नंतर नदीतला एखादा गोटा हातात घेऊन उलटा केला, की त्या वळणाचा उपयोग लक्षात येतो. कॅडिसफ्लाय, मेफ्लाय अशा कीटकांच्या अळ्या प्रवाहाने वाहून जाऊ नये म्हणून दगडांच्या बुडाशी चिकटून राहतात. सरळ चोचीला तिथवर पोहोचणे अवघड असते, पण वाकडी चोच गोलसर दगडाच्या कडेने खाली शिरते. कधी तो चोच गोट्यांच्या फटींत खुपसतो, कधी बारीक खडी चोचीने बाजूला सारतो आणि संधी मिळाली तर लहान मासेही पकडतो. विणीच्या काळात चोच व पाय गडद लाल होतात. मी पाहिलेल्या पक्ष्याची चोच हिवाळ्यातली, मळकट तांबूस होती. पायाला मागचे बोट नसते.

रामनगरची उंची जेमतेम साडेतीनशे मीटर. हे त्याचे हिवाळी ठिकाण झाले. आसामात नामेरीजवळच्या जिया भरली नदीवरही तो याच ऋतूत दिसतो. त्याची वीण मात्र वर, साधारण 1700 ते 4400 मीटर उंचीवरील खोऱ्यांत होते. लडाखमध्ये ठिकसेजवळ सिंधूच्या काठी तो भेटतो आणि त्याचे क्षेत्र तियानशान पर्वतापासून तिबेट व चीनपर्यंत पसरलेले आहे. एवढा विस्तार असूनही त्याला चालणारी नदी फार विशिष्ट असते. उतार फार तीव्र असेल तर प्रवाह लहान गोटे वाहून नेतो आणि मोठे खडक तेवढे मागे उरतात. उतार अगदीच कमी असेल तर गाळ साचतो. या दोहोंच्या मध्ये, जिथे नदी अनेक धारांत फुटते आणि गोट्यांची बेटे रचते, तेवढ्याच पट्ट्यात हा पक्षी राहतो.

घरटेही त्याच गोट्यांत. एक उथळ खळगा, कधी बारीक खडे अंथरलेला, आणि त्यात बहुधा चार अंडी. आपल्या माळरानावरची टिटवीही असाच संसार थाटते, त्यामुळे हे वाचताना मला लगेच ओळखीचे वाटले. फरक एवढाच की टिटवीला भीती गुरांच्या खुरांची, तर आयबिसबिलला बर्फ वितळून वाढणाऱ्या पाण्याची. नर आणि मादी दोघेही आळीपाळीने अंडी उबवतात.

आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या, जातींना असलेला धोका नोंदवणाऱ्या यादीत तो 'कमी चिंतेच्या' वर्गात आहे आणि त्याचे विस्तीर्ण क्षेत्र पाहता ते योग्यच आहे. पण हिमालयातील नद्यांच्या पात्रांतून बांधकामासाठी उपसली जाणारी वाळू, खडी आणि गोटे म्हणजे या पक्ष्याचे घर आणि अन्न दोन्ही आहेत, हे कोणत्याही यादीतून समजत नाही. धरणामागे अडलेली खडी खालच्या बेटांपर्यंत पोहोचत नाही, तेव्हाही त्याचे घर असेच हरवते. जंगल तुटले तर ते दुरूनही दिसते. नदीतले गोटे कमी झाले तर त्याची कोणी दखलही घेत नाही, आणि मला याचीच जास्त काळजी वाटते.

त्या सकाळी पलीकडच्या काठावर ट्रॅक्टर उतरला, तेव्हा आमच्या पक्ष्याने डोके दोनदा वर-खाली केले, घंटेसारखी खणखणीत शीळ घातली आणि तो उडाला. पंखांवरचा पांढरा डाग क्षणभर दिसला. तेव्हा कळले की थोड्या अंतरावर दुसराही एक पक्षी होता, कारण तोही त्याच्या मागोमाग वरच्या बेटाकडे गेला. तो मला अर्ध्या तासात एकदाही दिसला नव्हता.